विमानतळाची तीन अक्षरे : पेटी रवाना करण्यापूर्वी वाचा

हिमरू शालीपासून अत्तरापर्यंत आपल्या कारागिरांचा माल आज विमानाने आखाती देशांत जातो. पेटीवरच्या चिठ्ठीवर आणि एअर वे बिलावर शहराच्या जागी बहुधा तीन इंग्रजी अक्षरे असतात. माल कुठे उतरणार हे त्यांवरूनच ठरते. तेव्हा ती केवळ एजंटाच्या भरवशावर सोडू नयेत, असे आम्हाला वाटते.

हे संकेत 'आयाटा' ही विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना देते. जेद्दा जे-ई-डी, मदिना एम-ई-डी, मस्कत एम-सी-टी, शारजा एस-एच-जे. शहराचे नाव बदलले तरी संकेत सहसा बदलत नाही. १९९५ साली बॉम्बेचे मुंबई झाले, पण बी-ओ-एम कायम राहिले. छत्रपती संभाजीनगरचा आय-एक्स-यू तर जुन्या नावाशीही जुळत नाही. म्हणून अंदाजाने संकेत लिहू नये.

खरी गफलत होते ती एका शहरात दोन विमानतळ असले की. दुबईचा नेहमीचा विमानतळ डी-एक्स-बी, तर अल मक्तूम विमानतळ डी-डब्ल्यू-सी. गोव्यात दाबोळी जी-ओ-आय, तर २०२३ साली सुरू झालेला मोपा जी-ओ-एक्स. नुसते 'दुबई' किंवा 'गोवा' सांगितले, तर माल एकीकडे आणि तो सोडवून घेणारा माणूस दुसरीकडे, असा प्रकार व्हायचा. मग पुन्हा वाहतूक, गोदामभाडे आणि तुटलेला वायदा! छोट्या कारागिराचा सारा नफा त्यात जातो.

मुंबईसाठी कधी व्ही-ए-बी-बी अशी चार अक्षरे दिसतात. तो वैमानिक आणि हवाई नियंत्रकांसाठीचा वेगळा संकेत आहे. मालाच्या कागदावर तीन अक्षरेच पाहावीत.

संकेत शोधणे अवघड नाही. आयाटाच्या संकेतस्थळावर शहराचे नाव टाकले की संकेत मिळतो आणि संकेत टाकला की विमानतळाचे नाव. मोबाईलवरही हे काम होते.

व्यापारी बंधूंना आमचे सांगणे एवढेच : पलीकडच्या ग्राहकाकडून विमानतळाचे पूर्ण नाव लेखी मागवा, संकेत स्वतः पडताळा आणि बिलाची प्रत हाती येताच तीन अक्षरे पुन्हा वाचा. दोन मिनिटांच्या या कामाने कष्टाची कमाई वाचेल, इन्शाअल्लाह.