धडधडीचा ताळा जुळवणारी होल्टर चाचणी

छातीत एकाएकी धडधड सुरू होते, एखादा ठोका चुकल्याचा भास होतो आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सारे शांत झालेले असते. तेथे काढलेला ईसीजीही निर्दोष येतो. रुग्णाला दिलासा मिळतो; मात्र धडधडीचे कारण कळत नाही. साध्या ईसीजीत हृदयाच्या विद्युतक्रियेची नोंद सुमारे १० सेकंदांचीच असते. मिनिटाला ७० ठोके धरल्यास दिवसाला १,००,८०० ठोके होतात; ईसीजीत त्यांपैकी जेमतेम १२ येतात.

ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेतील मोंटाना राज्याचे शास्त्रज्ञ नॉर्मन होल्टर यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस सोबत वागवता येईल असे यंत्र सिद्ध केले. त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते व ते पाठीवर वाहावे लागे. आज त्यांच्याच नावाने ओळखले जाणारे उपकरण तळहातावर मावते. छातीवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडमार्फत ते २४ ते ४८ तास अखंड नोंद घेते.

या काळात विश्रांती घेत बसू नये. कार्यालय, जिना, झोप हा नित्यक्रम चालू ठेवावा. उपकरण भिजणार नाही याची मात्र काळजी घ्यावी. सर्वांत महत्त्वाची असते ती रुग्णाची रोजनिशी. धडधड किती वाजता झाली, त्या वेळी काय चालले होते, चक्कर आली का, हे त्यात लगेच लिहावे. खतावणीचा ताळा जुळवावा, त्याप्रमाणे डॉक्टर या नोंदी आलेखाशी पडताळून पाहतात. धडधडीच्या क्षणी आलेख नियमित असेल, तर तेही एक उत्तरच होय. अधूनमधून येणारे जादा ठोके निरोगी हृदयात बहुधा निरुपद्रवी असतात. ‘एट्रियल फिब्रिलेशन’ आढळल्यास मात्र हृदयात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका संभवतो. योग्य औषधांनी तो बराच कमी करता येतो.

चाचणीच्या काळात धडधड झालीच नाही, तर निर्दोष अहवालावर विसंबून राहू नये. अशा वेळी १४ दिवसांपर्यंत छातीवर राहणारी पट्टी किंवा त्वचेखाली बसवायचा लूप रेकॉर्डर उपयोगी पडतो.

धडधडीसोबत शुद्ध हरपणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे अशी लक्षणे असल्यास कोणत्याही नोंदीची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.