खेळातली चेटकीण घडवताना

रविवारी दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत सतरंजी पडली की समजावं, मुलांचं 'डी अँड डी' सुरू! मैत्रिणींनो, तुमच्याही घरी हे खूळ आलं असेल. नसेल तर येईल. पूर्ण नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी १९७४ साली हा खेळ काढला. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले चोर, मांत्रिक, तलवारबहाद्दर होतात, आणि बेत साधला की फसला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. सोंगट्या असल्या तर असतात, नसल्या तरी अडत नाही.

आमच्याकडे गोष्ट सांगण्याचं काम लेकीचं. यंदा नववीत शाळा बदलावी लागली. नव्या शाळेत महिनाभर ती डबासुद्धा एकटीच खायची. मग या खेळामुळे चौघं जमली. म्हणून त्या रविवारी मुलं जांभया देत उठली आणि "पुढच्या वेळी बघू हं" म्हणून गेली, तेव्हा माझ्याच पोटात कालवलं. रात्री ही उशीत तोंड खुपसून पडलेली.

"काय गं झालं?" म्हटलं.

"माझा खलनायक बोअर आहे."

खलनायक म्हणजे कुणी 'अंधाराचा सम्राट'. त्याचे हिट पॉइंट दोनशे. म्हणजे मुलांनी फासे टाकत बसायचं आणि दोनशेतून पाच-सात वजा करत राहायचं! दोन तास वजाबाकी. मला फासे कळत नाहीत, पण गोष्टी कळतात. मी विचारलं, "तुझा हा सम्राट जेवतो काय? राहतो कुठं? त्याला हवंय तरी काय?" तिला काही सांगता येईना.

गोष्टीतल्या दुष्टांचं तसं नसतं. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मधली चिंची चेटकीण आठवा. आधी दिलीप प्रभावळकरांनी ती केली, २०१८ साली नाटक पुन्हा आलं तेव्हा वैभव मांगले यांनी. चिंची रंगमंचावर आली की मुलं घाबरतात आणि तीच पुन्हा यावी म्हणून वाटही बघतात. आमच्या लहानपणच्या राक्षसाचंही तेच. त्याचा जीव सातासमुद्रापलीकडे पोपटात. अंगातली ताकद राहू द्या बाजूला, पोपट कुठाय हे ज्याला कळलं तो जिंकला.

रशियातली बाबा यागा तर मला फारच आवडते. झोपडी कोंबडीच्या पायांवर उभी, बाई उखळात बसून उडते, मुसळानं वल्हवते आणि मागची खूण केरसुणीनं पुसून टाकते. सगळा घरातलाच पसारा! अफानास्येव यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या संग्रहात वसिलिसा नावाची मुलगी तिच्याकडे विस्तव मागायला जाते. ही बया तिला झाडलोट, स्वयंपाक, धुणं आणि वर धान्य निवडायला लावते. काम नीट झालं नाही तर खाईन म्हणते. झालं तर मात्र शब्द पाळते. या खेळवाल्यांनाही तिची भुरळ पडलीच. १९७६ सालच्या त्यांच्या एका पुरवणी पुस्तकात तिची झोपडी आहे.

तर आम्ही मायलेकींनी रात्री भांडी आवरता आवरता एक म्हातारी घडवली. वेशीबाहेर राहणारी दळणवाली. तिच्या जात्यात दुःख दळलं जातं. लोक आपलं दुःख घेऊन येतात, मूठभर जात्यात टाकतात आणि हलके होऊन जातात. पीठ म्हातारी ठेवून घेते. मेख अशी की दुःखाबरोबर ज्याच्यासाठी दुःख होतं ते माणूसही विसरायला होतं. लेकीनं विचारलं, "पण तिला पीठ कशाला?" दहा मिनिटं आम्ही दोघी गप्प. मग तीच म्हणाली, "तिचं स्वतःचं दुःख दळलंच जात नाही. म्हणून दुसऱ्यांचं खाते." मला बाई काटाच आला अंगावर.

नियम दोन ठरले. म्हातारी खोटं बोलत नाही आणि जातं कधी उलटं फिरवत नाही. उलटं फिरवलं तर दळलेलं परत येतं, हा तिचा पोपट. तो मुलांना सापडला पाहिजे, म्हणून तीन ठिकाणी खुणा ठेवल्या: गावातल्या पोरी एकाच बाजूनं फुगडी घालतात, उलटी घातली की मोठी माणसं ओरडतात, विहिरीचा रहाट एकाच बाजूनं फिरतो, आणि म्हातारी अंगणातसुद्धा मागं वळत नाही, पूर्ण गोल फिरून येते. एकच खूण ठेवली असती तर मुलांच्या नजरेतून निसटली असती. हिट पॉइंट फक्त तीस.

एक गोष्ट मला सुचली नव्हती, लेकीला सुचली. तिच्या एका मैत्रिणीची आजी दिवाळीत गेली. हिनं आधी फोन करून तिला विचारलं, "गोष्टीत असं असं येणार आहे, चालेल ना? नको असेल तर बदलते." ती म्हणाली, चालेल. घरात असा खेळ चालत असेल तर हे विचारणं मुलांना जरूर शिकवा. भीती खोटी असली तरी खेळणारी मुलं खरी असतात.

रविवारी मी पोहे करत होते, पण कान बाहेर. तलवारबहाद्दर नेहमीप्रमाणे धावून गेला. म्हातारी म्हणाली, "मार की. पण आधी सांग, या गावाचं रडणं कोण सांभाळणार?" तो थबकला. मग ती मैत्रिणीकडे वळली, तीच चोर झाली होती. "तुझं दे. फाटक उघडते."

"नावपण जाईल?"

"जाईल."

खोलीत चिडीचूप. पोहे खाली लागायला आले तरी माझं लक्ष नाही.

"मग नको," पोरगी म्हणाली. "मी खुंटा धरते आणि उलटा फिरवते."

फासा पडला सतरा. एवढा आरडाओरडा झाला की शेजारच्या काकू दार वाजवून विचारून गेल्या. पुढं म्हातारीचं काय करायचं यावर चौघांची जुंपली. एकाला तिला हाकलायचं होतं, दुसऱ्याला तिचं दुःख ऐकायचं होतं. भांडण काही मिटलं नाही. साडेसहाला पालकांचे फोन यायला लागले तेव्हा मंडळी उठली, आणि जाताना आपल्या फाशांच्या पिशव्या आमच्याकडेच ठेवून गेली.