लिंकचा टंच: दिवाळी आणि घरचा कॉम्प्युटर

दिवाळी तीन आठवड्यांवर आलीय, हुपरीत या दिवसांत कुणाला मान वर करायला सवड नसते. तरी तुम्ही कामं बाजूला ठेवून आलात, बायकामंडळी आणि शाळेतली मुलं आली आहेत, म्हणजे विषय घरातलाच आहे.

आधी एक प्रश्न. तुमच्याकडं कुणी चांदी घेऊन आलं तर पहिल्यांदा काय करता? (सभागृहातून: टंच काढतो!) बरोबर. सख्ख्या भावानं आणली तरी टंच काढता. भाऊ लबाड आहे म्हणून काढत नाही. भावालाही ती कुणीतरी दिलेली असते, आणि त्याला कुणी फसवलं असेल तर ते त्याचं त्यालाच माहीत नसतं. माल कुणी आणला यावर टंच ठरत नाही, हे हुपरीतल्या पोरालाही कळतं.

आता व्हॉट्सअ‍ॅपवर मेव्हण्याकडून आलं, "दिवाळीनिमित्त बँकेकडून भेट, इथं दाबा." काय करतो आपण? दाबतो. का? तर मेव्हण्यानं पाठवलंय. बारा महिने टंच काढणारी माणसं इथं मात्र आणणाऱ्याचं तोंड बघून माल घेतात. आजचं माझं सगळं बोलणं या एका गोष्टीवर आहे.

आपल्या जिल्ह्याला कॉम्प्युटर नवा नाही, बरं का. १९९८ साली वारणानगरच्या परिसरात 'वायर्ड व्हिलेज' नावाचा सरकारी प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावं त्यात होती. गावात कॉम्प्युटरचं केंद्र, तिथं माणूस बसलेला, आणि शेतकरी येऊन ऊस किती गेला, बिल किती झालं ते विचारणार. कल्पना खूप मोठ्या होत्या, प्रत्यक्षात वापर मुख्यतः उसाच्या हिशेबाला झाला. पुढं २००७च्या सुमारास तेच काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर करता येतं का, याचाही तिथं काही गावांत प्रयोग झाला. मला त्यातली एकच गोष्ट आज महत्त्वाची वाटते: तिथं यंत्र आणि शेतकरी यांच्यामध्ये एक जाणता माणूस बसलेला असायचा. आज घरच्या कॉम्प्युटरसमोर असा कुणी नाही. आठवीतली मुलगी बसते, आजोबा बसतात, आणि त्यावरच घरातलं बँकेचं खातंही उघडतं.

सणाच्या शुभेच्छेतून खोडी काढण्याचा प्रकार फार जुना आहे. डिसेंबर १९८७. जर्मनीतल्या क्लाउस्टालच्या विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्यानं नाताळचं भेटकार्ड केलं. चालवलं की पडद्यावर फुल्या-फुल्यांचं झाड उमटायचं, छान. पण झाड दाखवता दाखवता तो प्रोग्रॅम तुमची ओळखीच्या लोकांची यादी वाचायचा आणि स्वतःची एकेक प्रत त्या सगळ्यांना पाठवायचा. त्यांना वाटायचं, मित्रानं कार्ड धाडलंय. ते आयबीएम कंपनीच्या अंतर्गत जाळ्यात शिरलं आणि ते जाळंच तुंबलं. मग जानेवारी १९९९मध्ये 'हॅपी नाइन्टीनाइन' आलं. नववर्षाची आतषबाजी पडद्यावर, आणि मागच्या मागं तुमच्या प्रत्येक ईमेलबरोबर त्याची एक प्रत पुढच्याकडं. ४ मे २०००ला फिलिपिन्समधून निघालेलं 'आय लव्ह यू' तर जगभर लाखो कॉम्प्युटरांत घुसलं. तिन्हींत काय सारखं आहे बघा. प्रत्येक वेळी ते ओळखीच्या माणसाकडून आलं.

यातलं तिसरं जरा उलगडून सांगते, कारण त्याची युक्ती आजही चालते. फाइलच्या नावाला शेवटी एक शेपूट असतं. फोटो असेल तर जेपीजी, छापायची पत्रिका असेल तर पीडीएफ. 'आय लव्ह यू'च्या फाइलला दोन शेपटं होती: आधी टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर, आणि त्याच्यामागं व्हीबीएस, म्हणजे चालणारा प्रोग्रॅम. विंडोज शेवटचं शेपूट लपवून ठेवतं, त्यामुळं लोकांना दिसला साधा मजकूर. आणि मंडळी, विंडोज ते अजूनही लपवतं! घरी गेल्यावर फाइल एक्स्प्लोरर उघडा, वर 'व्ह्यू'मध्ये जा, त्यात 'शो', आणि 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करा. एवढं आज रात्री कराच. मग 'दिवाळी फोटो'च्या मागं ईएक्सई दिसलं तर तो फोटो नाही, हे डोळ्यांना दिसेल.

मोबाइलवर हेच शेपूट एपीके नावाचं असतं. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिकांचा पाऊस पडतो. त्यात 'आमंत्रण डॉट एपीके' असं काही आलं तर ते अ‍ॅप आहे. पत्रिकेला तुमच्या मोबाइलमध्ये बसवून घ्यायची गरज का पडावी? ते अ‍ॅप आत बसलं आणि मेसेज वाचायची परवानगी मिळाली की तुमचे ओटीपी दुसरीकडं पोचायला लागतात. कारागिराच्या खात्यात दिवाळीच्या तोंडावर मजुरीचे पैसे जमलेले असतात, कधी व्यापाऱ्याचेही असतात. चोराचं पंचांग आपल्यापेक्षा पक्कं असतं.

आता लिंक. तुम्ही सगळ्यांनी एक प्रकार बघितला असेल: लिंक उघडली की फटाके उडतात, पणत्या लागतात, आणि "अमुककाकांकडून तुम्हाला शुभेच्छा" असं नावानिशी येतं. लोकांना वाटतं, याला काकांचं नाव कसं कळलं? काही जादू नाही. काकांनी नाव टाकलं, ते लिंकच्याच शेवटी चिकटलं, पान तिथून वाचून मोठ्या अक्षरात दाखवतं. नाव देवनागरीत असेल तर लिंकमध्ये टक्क्याची चिन्हं आणि ई-शून्य, ए-चार अशी माळ दिसते ना? ती देवनागरी अक्षरंच आहेत, यंत्राच्या भाषेत लिहिलेली. म्हणजे त्या पानाला काका माहीत नाहीत. तुम्ही तिथं 'शिवाजी महाराज' टाका, ते म्हणेल महाराजांकडून शुभेच्छा. (हशा) यातली बरीच पानं नुसती जाहिरातींवर कमवतात. पण त्याच साच्यात "बक्षीस मिळवायला दहा जणांना पाठवा, मग खातं नंबर भरा" हे बसवायला कितीसा वेळ लागतो?

तर लिंकचा टंच कसा काढायचा? मी फळ्यावर एक पत्ता लिहिते: 'तुमचीबँक डॉट दिवाळीभेट डॉट ऑनलाइन', मग तिरकी रेघ, मग 'बक्षीस'. हा पत्ता कुणाचा? (सभागृहातून: बँकेचा.) नाही. सुरुवातीच्या एचटीटीपीएस आणि दोन तिरक्या रेघा सोडून द्या. त्यानंतर जी पहिली तिरकी रेघ येते तिथं थांबा, आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडं वाचा. शेवटी 'ऑनलाइन', त्याच्या आधी 'दिवाळीभेट'. मालक तो. त्याच्या डावीकडं तो काहीही लिहू शकतो, तुमच्या बँकेचं, सरकारचं, कुणाचंही नाव. पाकिटावर 'मु. पो. हुपरी'च्या आधी कुणी 'राजवाडा' लिहिलं म्हणून पत्र राजवाड्यावर जात नाही, तसंच.

पुष्कळ जण म्हणतात, "मॅडम, कुलूप दिसत होतं की!" कुलपाचा अर्थ इतकाच की तुमचं आणि त्या पानाचं बोलणं मधल्या मधे कुणी ऐकत नाही. समोरचा कोण आहे, हे कुलूप सांगत नाही. चोराच्या दाराला पण कुलूप असतं.

बँकांच्या बाबतीत एक सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना आपली संकेतस्थळं 'बँक डॉट इन' या शेवटावर आणायला सांगितलं, त्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ होती. हा शेवट बँकेशिवाय दुसऱ्याला मिळत नाही. तेव्हा पत्ता पहिल्या तिरक्या रेघेच्या अगदी आधी 'डॉट बँक डॉट इन'वर संपतो का, ते बघा. सरकारी असेल तर 'डॉट जीओव्ही डॉट इन'. आणि सगळ्यात सोपं म्हणजे मेसेजमधल्या लिंकवरून बँकेत जायचंच नाही. पत्ता स्वतः टाईप करा, एकदा खूण करून ठेवा, दर वेळी तिथूनच जा.

चांदीचं पण सांगते, कारण आता पैंजण-जोडवी ऑनलाइन विकली जातात आणि घेतलीही जातात. १ सप्टेंबर २०२५पासून चांदीच्या दागिन्यांवरही एचयूआयडीचा हॉलमार्क मिळतो. तो सक्तीचा नाही, ऐच्छिक आहे. पण असेल तर त्याचा सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक 'बीआयएस केअर' या सरकारी अ‍ॅपमध्ये टाकून बघता येतो. विकणाऱ्यानं फोटोत '९२५' दाखवलं म्हणून समाधान मानू नका. आणि विकणाऱ्यांनो, गिऱ्हाईक म्हणालं "पैसे पाठवलेत, घ्यायला पिन टाका", तर फोन ठेवा. पिन टाकल्यावर पैसे जातात. यायला पिन लागत नाही.

कॉम्प्युटर लॉकडाऊनच्या काळात घेतलेला असेल तर त्यात बहुतेक विंडोज टेन असणार. त्याची नेहमीची सुरक्षेची डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. यंत्र चालत असलं तर विंडोज इलेव्हन बसवून घ्या, नाहीतर लिनक्स आहे, फुकट आहे. दिवाळीची साफसफाई करता ना, त्यातच हे धरा.

आता मुलं कंटाळलीत, तर त्यांच्याकडं वळू. सणात कॉम्प्युटरवर गंमत करायला अनोळखी लिंक लागतच नाही. किल्ला करणार आहात ना? या वेळी माती कालवायच्या आधी उपग्रहाच्या नकाशात पन्हाळा उघडा. वरून बघा तटबंदी कशी वळते, कडा कुठं सुटतो, पावनखिंड आणि विशाळगड कुठल्या दिशेला आहेत. दोन ठिकाणांमधलं अंतर मोजायची सोय त्यात असते. कागदावर माप काढा आणि मग करा किल्ला. (एक मुलगा: आम्ही रायगड करणार!) करा की, तोही दिसतो.

ठिपक्यांच्या रांगोळीला स्प्रेडशीट वापरा. चौकोन सारखे करायचे, प्रत्येकात एक टिंब टाकायचं, छापलं की झाला ठिपक्यांचा कागद. नुसतं 'रांगोळी' नकाशात शोधू नका हां, आपल्या शेजारचं गाव निघेल.

आणि शुभेच्छा स्वतः करा. विंडोजच्या भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं की फोनेटिक कीबोर्ड मिळतो, इंग्रजी अक्षरांत टाईप केलं तरी मराठी उमटतं. आजीचा पणती लावतानाचा फोटो घ्या, खाली दोन ओळी तुमच्या, जेपीजी करून पाठवा. फुकटच्या फटाक्यांपेक्षा तो फोटो बघून मावशी जास्त खूश होईल, आणि त्यात दाबायलाही काही नाही.

वाचणाऱ्यांसाठी: दिवाळी अंकाची परंपरा का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'नं १९०९ साली सुरू केली. आज 'मायबोली', 'ऐसी अक्षरे' यांसारख्या संकेतस्थळांवर दिवाळी अंक घरबसल्या वाचायला मिळतात. जुनी पुस्तकं हवी असतील तर मराठी विकिस्रोत आहे. फराळ खाता खाता पडद्यावर वाचायला मला स्वतःला फारसं जमत नाही, बोटं तेलकट होतात, पण सोय चांगली आहे.

प्रश्न घेऊ. हो, मागच्या ताई.

(प्रश्न: मॅडम, भाच्यानं पाठवलेलं उघडायचंच नाही का? त्याला राग येईल.)

उघडायच्या आधी त्याला फोन करा. "बाळा, तू पाठवलंस का?" दिवाळीत भाच्याला फोन केल्यानं राग येत नाही. त्यानं पाठवलं नसेल तर त्याचं व्हॉट्सअ‍ॅप दुसरं कुणीतरी चालवतंय, हे त्यालाही तेव्हाच कळेल.

(प्रश्न: आणि मुलीनं लिंक दाबलीच तर?)

नुसतं पान उघडल्यानं बहुतेक वेळा पैसे जात नाहीत. तिथं काय भरलं, काय बसवलं, ते विचारा. पासवर्ड भरला असेल तर दुसऱ्या यंत्रावरून बदला. एपीके बसवलं असेल तर मोबाइलचं इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावा, मग सायबर क्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार नोंदवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळत असतात. मधल्या कुठल्यातरी खात्यात ते असेपर्यंतच अडवता येतात.

म्हणून एक विनंती, आईवडिलांना. मुलीला ओरडू नका. ओरडलात तर पुढच्या वेळी ती तीन तास गप्प बसेल, आणि ते तीन तास तुमच्या पैशांना महाग पडतील. आजच घरी सांगून ठेवा, काही दाबलं गेलं तर आधी आम्हाला हाक मार. १९३० हा आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहा, मोबाइलमध्ये नको. मोबाइल त्या वेळी बंद असेल.