एक आवार, दोन इमारती

जर्मनीतील डार्मश्टाट शहरात १९९१ साली चार कुटुंबे एका नव्या घरात राहायला आली. भिंतीला भिंत लागून असलेली ही चार घरे म्हणजे पहिले 'पॅसिव्ह हाउस'. या प्रकारच्या घरांना पुढे प्रमाणपत्र देण्यात येऊ लागले. त्याची एक मुख्य कसोटी अशी : घर उबदार ठेवण्यासाठी दर चौरस मीटरमागे वर्षाला १५ युनिटांहून अधिक ऊर्जा लागू नये. दुसरी कसोटी हवाबंदपणाची. आत-बाहेर ५० पास्कल दाबाचा फरक ठेवला असता फटींतून तासाभरात जाणारी हवा घराच्या आकारमानाच्या ०.६ पटीहून जास्त नसावी.

आता समजा, अशा घराच्या मालकाने अंगणात पाहुण्यांसाठी एक सुटी खोली बांधली. घराचे प्रमाणपत्र तिलाही लागू होईल का?

नाही. उष्णतेला सातबारा कळत नाही! तिला कळते ते फक्त आवरण : भिंती, छप्पर, जमीन, खिडक्या. डार्मश्टाटला घरे चार, पण आवरण सलग, एकच. इथे मालक एक, पण आवरणे दोन. म्हणून हिशेब वेगळे आणि हवेची चाचणीही वेगळी. खोलीऐवजी न तापवलेले मोटार-गॅरेज असते, तर ते हिशेबातच आले नसते.

पण लहान इमारतीला कसोटी जड का जाते? गणित करून पाहू. दुमजली घर १० × १० × ६ मीटर धरा. पृष्ठभाग ४४० चौ.मी., दोन मजल्यांची मिळून जमीन २०० चौ.मी.; म्हणजे दर चौ.मी. जमिनीमागे २.२ चौ.मी. पृष्ठभाग. खोली ४ × ४ × ३ मीटर धरली, तर पृष्ठभाग ८० आणि जमीन १६, गुणोत्तर ५! जमीन ८ टक्क्यांनी वाढली, पण उष्णता निसटण्याची जागा १८ टक्क्यांनी.

गंमत अशी, की ५० चौ.मी.हून लहान स्वतंत्र इमारतींना ऊर्जा-निकषांतून सूट देण्याची मुभा युरोपीय संघाच्या २०१०च्या निर्देशाने सदस्य देशांना दिली होती. म्हणजे दारावर प्रमाणपत्र झळकते आणि मागच्या खोलीतला हीटर वीज खात राहतो. पाटी वाचताना विचारावे : हिशेबाची सीमा कुठे आखली आहे?

वर्गात एवढे करून पाहा. एकाच धातूच्या लहान-मोठ्या दोन भांड्यांत सारखेच गरम पाणी काठोकाठ भरा. दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढा. कोणते आधी निवते आणि का, हे मुलांनाच सांगू द्या.