हेमकुंडाची वाट आणि डोकेदुखी

उत्तराखंडातील हेमकुंडाला जाऊन आलेली मंडळी तळ्याचे वर्णन भरभरून करतात. तेथे डोके किती ठणकले, ते मात्र सांगत नाहीत. घांघरियापर्यंतची वाट लक्ष्मणगंगेच्या काठाने, झाडीतून जाते. घांघरिया सुमारे १० हजार फुटांवर. पुढे अवघ्या ६ किलोमीटरांत ४ हजार फुटांहून अधिक चढ! झाडे मागे पडतात, हवा विरळ होते. तळ्याकाठी प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे ६० टक्केच प्राणवायू मिळतो.

हा त्रास धडधाकट तरुणालाही होतो. घाईने चढणाऱ्याला तर अधिकच. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे ही पहिली लक्षणे. ‘पित्त झाले असेल’ म्हणून गोळी घेऊन पुढे चढू नये. बसल्या जागी धाप लागली, खोकला सुरू झाला किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर जिवाला धोका आहे असे समजून रुग्णाला ताबडतोब खाली आणावे. तळे पुढच्या वर्षीही तेथेच असते.

घांघरियात एक रात्र जास्त काढावी. मद्य व झोपेच्या गोळ्या वर्ज्य. हृदयाचा वा फुप्फुसाचा विकार असणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे. हेमकुंडाला रात्रीचा मुक्काम करता येत नाही. यात्रेकरू कुरकुरतात, पण त्यामुळे दुपारी खाली उतरावेच लागते.