कार्यालयातील दूरदृश्य सभा : साधने कशी निवडावीत?

'परिषद' या शब्दाचा मूळ अर्थ 'सभोवती बसणे' असा आहे. संस्कृतात 'परि' म्हणजे सभोवती आणि 'सद्' म्हणजे बसणे. माणसे एकमेकांभोवती बसली, परस्परांचे चेहरे दिसले आणि बोललेले नीट ऐकू आले, की परिषद भरली. आज एक सदस्य नागपुरात, दुसरा इंदुरात आणि तिसरा बेळगावात बसलेला असतानाही परिषद भरते. शासकीय मराठीत तिला 'दूरदृश्य प्रणालीद्वारे बैठक' म्हणतात. कचेरीच्या बोलीत मात्र 'आज व्हीसी आहे' एवढे म्हटले की पुरते. अशा बैठकीसाठी कार्यालयाच्या खोलीत कोणती साधी साधने असावीत आणि ती कशी पारखून घ्यावीत, याचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील एटी अँड टी या कंपनीने १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात 'पिक्चरफोन' मांडला होता. १९७० साली पिट्सबर्ग शहरात त्याची सेवाही सुरू झाली. परंतु ती महाग होती, ग्राहक मिळाले नाहीत आणि काही वर्षांतच ती गुंडाळावी लागली. आपल्या देशात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या जाळ्यामुळे जिल्हाधिकारी कार्यालये राजधानीशी अशा रीतीने जोडली गेली. २००३ साली 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दूरदृश्य प्रणालीद्वारे साक्ष नोंदविता येते असा निर्णय दिला. कंपनी अधिनियम, २०१३ नुसार संचालकांना याच मार्गाने मंडळाच्या सभेत भाग घेता येतो. पुढे २०२० साली करोनाची साथ आली आणि जे काम मोठ्या कार्यालयांपुरते होते ते लहान पतसंस्था, शाळा आणि ग्रामपंचायती यांच्याही दारी आले. म्हणजे पडद्यावर उच्चारलेला शब्द आता साक्ष ठरतो, ठराव ठरतो. तो चुकीचा ऐकला गेला तर होणारे नुकसानही खरेच असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका सहकारी पतसंस्थेची सभेची खोली पंधरा फूट लांब आणि बारा फूट रुंद आहे. मधोमध लांबट टेबल, भोवती आठ खुर्च्या, डोक्यावर पंखा, एका भिंतीला मोठी खिडकी, खाली गुळगुळीत फरशी. दोन संचालक परगावाहून पडद्यावर येतात. कर्जाचा अर्ज चर्चेला आहे. टेबलाच्या टोकाला बसलेले संचालक 'सात हजार' म्हणतात, परगावी 'साठ हजार' ऐकू येते. दुसरे कोणी 'नामंजूर' म्हणतात. पहिले अक्षर वाटेतच गळते आणि 'मंजूर' तेवढे पोहोचते. 'त' आणि 'ठ' यांतील भेद उच्चाराच्या क्षणभराच्या स्फोटात दडलेला असतो, हे आपण वर्णविचारात शिकलो आहोत. आवाज क्षीण किंवा तुटक झाला की सर्वांत आधी हाच भेद नाहीसा होतो.

म्हणून 'दूरदृश्य' हे नाव काहीसे फसवे आहे, असे म्हणावेसे वाटते. चित्र क्षणभर थिजले तरी बोलणे चालू राहते. आवाज तुटला की सभाच थांबते. तरीही खरेदीला निघालेली मंडळी प्रथम कॅमेऱ्याची किंमत विचारतात आणि मायक्रोफोन उरलेल्या पैशांत बसवू पाहतात. हा क्रम उलटा हवा.

मायक्रोफोनचे काम समजून घेण्यासाठी ध्वनिशास्त्रातील एक साधा नियम उपयोगी पडतो. बोलणारा मायक्रोफोनपासून दुप्पट अंतरावर गेला की त्याच्या मुखातून थेट पोहोचणाऱ्या ध्वनीची तीव्रता सुमारे एक चतुर्थांश होते. अर्ध्या मीटरवर बसलेल्या माणसाच्या तुलनेत दोन मीटरवरच्या माणसाचा थेट आवाज सोळापट क्षीण असतो. पंख्याची घरघर आणि भिंतींवरून परतणारा नाद मात्र तेवढाच राहतो. दूरच्या खुर्चीवरचा माणूस विहिरीतून बोलल्यासारखा ऐकू येतो तो यामुळेच. 'आमच्या यंत्राची ताकद जास्त आहे' असे विक्रेत्याने सांगितले तरी हा नियम बदलत नाही, कारण ताकद वाढविली की घरघरही तेवढीच वाढते. उपाय एकच : मायक्रोफोन माणसाजवळ नेणे. आठ जणांच्या टेबलावर तो मधोमध ठेवावा, आणि टेबल फार लांब असेल तर जोडीला दुसरा घ्यावा. पंख्याच्या थेट खाली तो कधीही ठेवू नये, कारण वाऱ्याचा झोत मायक्रोफोनवर आदळला की परगावच्या श्रोत्यांना वादळ सुटल्याचा भास होतो.

दुसरी अडचण प्रतिध्वनीची. परगावच्या माणसाचा आवाज आपल्या ध्वनिवर्धकातून बाहेर पडतो, आपल्याच मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि क्षणभराने त्याच्याकडे परत जातो. स्वतःचेच शब्द मागाहून ऐकू येऊ लागले की भलाभला वक्ताही अडखळतो. चांगल्या संचात यावर तोड असते. ध्वनिवर्धकाकडे कोणता आवाज पाठविला हे संचाला ठाऊक असते. मायक्रोफोनमध्ये आलेल्या आवाजातून तो तेवढा भाग वजा करतो. एकाच खोलीत दोघांनी आपापल्या लॅपटॉपवरून सभेत प्रवेश केला की शिट्टीसारखा कर्कश नाद का उठतो, हेही आता कळेल. एका लॅपटॉपला दुसऱ्याच्या ध्वनिवर्धकातून काय बाहेर पडते हे माहीत नसते, मग तो वजा तरी काय करणार? एका खोलीत एकच मायक्रोफोन-संच चालू असावा, बाकी सर्वांनी आपले आवाज बंद ठेवावेत.

काही स्वस्त संचांत प्रतिध्वनी टाळण्यासाठी सोपा पण घातक मार्ग धरलेला असतो. एक बाजू बोलत असताना दुसऱ्या बाजूचा मायक्रोफोन ते दाबून टाकतात आणि बोलणे सुरू झाल्यावर किंचित उशिरा उघडतात. 'नामंजूर'मधील 'ना' गळतो तो अशा ठिकाणी. म्हणून खरेदी करताना विक्रेत्याला स्पष्ट विचारावे : दोन्हीकडची माणसे एकाच वेळी बोलली तर दोघांचेही ऐकू येईल का? उत्तरावर विसंबू नये. तसे बोलून पाहावे.

खोलीचाही यात वाटा असतो. रिकाम्या खोलीत मधोमध उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीनंतर नाद रेंगाळत असेल तर कोणतेही महागडे यंत्र तेथे पुरते यश देणार नाही. फरशी, काचा आणि उघड्या भिंती आवाज परतवितात. जाड पडदे, सतरंजी, फायलींनी भरलेली मांडणी तो शोषून घेतात. यंत्राच्या किमतीच्या लहानशा अंशात दोन पडदे येतात, आणि पुष्कळदा त्यांनी होणारा लाभ यंत्रापेक्षा जास्त असतो.

आता कॅमेरा. त्याच्या बाबतीत दोनच गोष्टी नीट पाहाव्यात, एक दृष्टिकोण आणि दुसरी जागा. साहित्यात 'दृष्टिकोन' म्हणजे पाहण्याची वृत्ती. येथे मात्र कॅमेऱ्याला दिसणाऱ्या क्षेत्राचा खरोखरचा कोन अभिप्रेत आहे. लहान आणि रुंद खोलीत कॅमेऱ्याजवळ बसलेली माणसेही चित्रात यावीत म्हणून सुमारे १२० अंशांचा कोन लागतो. लांब खोलीत एवढा रुंद कोन घेतला तर पलीकडच्या टोकाचे चेहरे सुपारीएवढे दिसतात. तेथे ८० ते ९० अंश बरे. फिरणारा आणि जवळचे-दूरचे टिपणारा कॅमेरा मोठ्या सभागृहाला शोभतो, पण आठ जणांच्या खोलीत त्याला हलवीत बसणे हेच एक काम होऊन बसते. चित्रातील रेषांच्या संख्येवरून फार मोह धरू नये. बहुतेक सभांमध्ये प्रत्यक्षात ७२० किंवा १०८० रेषांचेच चित्र पाठविले जाते. त्याहून सूक्ष्म चित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्याला दिलेले जास्तीचे पैसे पुष्कळदा वाटेतच विरतात.

कॅमेरा पडद्याच्या लगत, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीजवळ असावा. छतालगत बसविला तर परगावच्या सदस्यांना आपली टाळूच तेवढी दिसते. माणसांच्या पाठीमागे खिडकी असेल तर चेहरे काळवंडतात, कारण कॅमेरा उजेडाशी जुळवून घेतो आणि माणसे सावलीत जातात. आपल्या पतसंस्थेच्या खोलीत पडदा कोणत्या भिंतीवर लावायचा, हा प्रश्न म्हणूनच खिडकी पाहून सोडवावा. उजेड चेहऱ्यांवर पडेल अशी बैठक मांडली की वेगळे दिवे घेण्याची गरज सहसा भासत नाही.

इतका विचार झाला की निवड सोपी होते. तीन-चार माणसांच्या खोलीत आहे तोच लॅपटॉप आणि टेबलावर ठेवायचा एक स्पीकरफोन पुरे. सहा ते आठ जणांसाठी कॅमेरा, मायक्रोफोन आणि ध्वनिवर्धक एकत्र असलेली, पडद्याखाली बसणारी पट्टी सोयीची; मात्र तिचा मायक्रोफोन शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचतो का हे पाहून, गरज पडल्यास टेबलावरचा जोड-मायक्रोफोन घ्यावा. त्याहून मोठ्या सभागृहाचे काम जाणकार तंत्रज्ञाकडे सोपवावे. कोणत्याही एकाच कंपनीच्या सभा-सेवेला बांधलेला संच घेण्यापेक्षा यूएसबीने कोणत्याही संगणकाला जोडता येईल असा घेतलेला बरा. सेवा येतात आणि जातात. २००३ साली सुरू झालेली, घराघरांत पोहोचलेली स्काइप ही सेवा २०२५ साली बंद झाली.

तारांकडे दुर्लक्ष होते. साध्या यूएसबी तारेची प्रमाणित लांबी पाच मीटरपर्यंतच असते. कॅमेरा एका भिंतीवर आणि संगणक टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, अशी मांडणी केली तर तार पुरत नाही; मग जोडावर जोड दिले जातात आणि ऐन सभेत कॅमेरा दिसेनासा होतो. संगणक पडद्याजवळच ठेवावा. आंतरजालासाठीही बिनतारी जोडणीपेक्षा भिंतीतून आलेली तार अधिक भरवशाची. जोडणीचा वेग विचारताना केवळ माहिती येण्याचा नव्हे, तर जाण्याचाही वेग विचारावा, कारण आपले चित्र आणि आवाज त्याच वाटेने बाहेर जातात. सेकंदाला २ मेगाबिट या दराने तासभर सभा चालली तर एका दिशेने सुमारे ९०० मेगाबाइट माहिती खर्च होते. वीज जाणाऱ्या गावात संगणकाबरोबरच आंतरजालाच्या राउटरलाही यूपीएसची जोड द्यावी. राउटर बंद पडला तर एकटा संगणक चालू राहून काय उपयोग?

संच बसविताच त्याचा कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द बदलावा. सभा नसताना कॅमेऱ्यावर झाकण असावे. कर्जदाराच्या अडचणी ज्या खोलीत सांगितल्या जातात तेथे ही दक्षता क्षुल्लक नव्हे. यंत्र चालविणारा बहुधा कनिष्ठ लिपिक किंवा शिपाई असतो. त्याला दोन-तीन कळा दाबून सभा सुरू करता आली पाहिजे, आणि त्या कोणत्या, हे मराठीत लिहून कागद भिंतीवर लावावा.

शेवटी परीक्षा. ती दुकानात घेऊ नये, आपल्याच खोलीत, पंखा चालू ठेवून घ्यावी. शाळेत आपण श्रुतलेखन करीत होतो, तेच येथे करावे. एकाने परगावी, निदान शेजारच्या इमारतीत, वही घेऊन बसावे. खोलीतील प्रत्येक खुर्चीवरून दुसऱ्याने नेहमीच्या आवाजात दहा-दहा शब्द वाचावेत : सात, साठ, आठ, मंजूर, नामंजूर, पंधरा, पन्नास, असे. लिहिणाऱ्याने पुन्हा विचारू नये. वाचन चालू असताना मधेच पलीकडून एखादे वाक्य बोलावे आणि अलीकडचे शब्द गळतात का ते पाहावे. शेवटच्या खुर्चीवरून वाचलेले शब्द पहिल्या खुर्चीइतकेच बिनचूक उतरले, तर संच घ्यावा. न उतरल्यास मायक्रोफोनची जागा बदलून पुन्हा एकदा श्रुतलेखन करावे, आणि तरीही चुका राहिल्या तर दुसरा संच मागवावा.