घरखर्चाची वेगळी थैली : प्रीपेड कार्डाचा वापर आणि कुंडमसारख्या भागातील शेतकरी

मध्य प्रदेशातील जबलपूरहून दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंडम हे तहसिलीचे गाव लागते. हिरन नदीचा उगम याच परिसरातील. तहसील आदिवासीबहुल असून गोंड समाजाची वस्ती मोठी आहे. उताराच्या हलक्या जमिनीत कोदो-कुटकी, सखल भागात भात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मोहफुलांची वेचणी, असे उत्पन्नाचे वर्षचक्र आहे. पैसा हाती येतो तो वर्षातून दोन-तीन वेळा, एकदम. खर्च मात्र रोज होत राहतो: मीठ, तेल, साबण, मुलांच्या वह्या, बसभाडे, औषध. मेळघाटात, गडचिरोलीत किंवा धडगाव-अक्कलकुवा पट्ट्यात काम करणाऱ्या आपल्या विस्तार कार्यकर्त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल.

एकदम येणारा पैसा आणि थेंबाथेंबाने होणारा खर्च एकाच खात्यातून चालले, की घरखर्च नेमका किती झाला हे कळत नाही. ते कळते जूनमध्ये, बियाणे व खत घेण्याची वेळ येते तेव्हा. त्या वेळी खाते रिकामे असेल तर पेरणी लांबते किंवा सावकाराचे दार ठोठवावे लागते. ज्यांच्याकडे किसान क्रेडिट कार्ड आहे त्यांचा तोटा आणखी निराळा आहे. या कार्डाच्या मर्यादेत पीक लागवडीच्या रकमेवर १० टक्के रक्कम काढणीपश्चात व घरगुती गरजांसाठी धरलेली असते. घरखर्च त्यापलीकडे गेला की तो पीककर्जाच्या भांडवलातून होऊ लागतो आणि परतफेड रखडते. वेळेवर परतफेड करणाऱ्यास ७ टक्के व्याजात ३ टक्क्यांची सवलत मिळून दर ४ टक्क्यांवर येतो. मुदत चुकली की ही सवलत गेली. एक लाखाच्या कर्जावर वर्षाला ३,००० रुपये, म्हणजे एखाद्या एकराच्या बियाण्याचा खर्च, केवळ हिशेब वेगळा न ठेवल्यामुळे जातो.

घरखर्चाची थैली वेगळी करण्याचे एक साधन म्हणून प्रीपेड कार्डाकडे पाहावे. आधी पैसे भरायचे, मग भरलेल्या रकमेपुरतीच खरेदी करायची, एवढेच त्याचे स्वरूप. डेबिट कार्डामागे संपूर्ण बचत खाते उभे असते, क्रेडिट कार्डामागे कर्ज. प्रीपेड कार्डामागे फक्त आपण भरलेली रक्कम असते. पाटातून एका वाफ्याला लागेल तेवढेच पाणी सोडावे, तसे. समजा, एखाद्या कुटुंबाने दरमहा ४,००० रुपये घरखर्चाचे ठरवले आणि एक तारखेला बचत खात्यातून तेवढेच कार्डावर भरले. कार्ड वीस तारखेलाच रिकामे झाले तर खर्च वाढल्याचे वीस तारखेलाच समजते, आणि बियाण्याच्या पैशाला तोपर्यंत धक्का लागलेला नसतो.

हे कार्ड बचत खात्यातील स्वतःच्या पैशातून भरावे, पीककर्जातून नव्हे. कर्जमर्यादेतून असे वॉलेट वा कार्ड भरण्यास परवानगी नाही, असे रिझर्व्ह बँकेने जून २०२२ मध्ये बँकेतर कंपन्यांना स्पष्ट केले आहे. नियम बाजूला ठेवला तरी उसन्या पैशाने किराणा भरणे हा शहाणपणाचा हिशेब नाही.

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ च्या निर्देशांनुसार सर्वसाधारण वापराची प्रीपेड साधने दोन प्रकारची आहेत. मोबाइल क्रमांकाची पडताळणी आणि ओळखपत्राचा क्रमांक एवढ्यावर मिळणारे ‘लहान’ साधन हा पहिला प्रकार. त्यात कोणत्याही वेळी १०,००० रुपयांहून अधिक शिल्लक ठेवता येत नाही, महिन्याला १०,००० आणि वर्षाला १,२०,००० रुपयांपेक्षा जास्त भरता येत नाहीत. खरेदी करता येते, पण रोख काढता येत नाही आणि दुसऱ्यास पाठवताही येत नाही. दुसरा प्रकार पूर्ण केवायसीचा. त्यात शिल्लक २ लाख रुपयांपर्यंत ठेवता येते, पैसे पाठवता येतात, आणि बँकेतर कंपनीचे असले तरी एका वेळी २,००० व महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत रोख काढता येते. घरखर्चाच्या थैलीसाठी पहिला प्रकार पुरेसा आहे. किंबहुना रोख काढता न येणे हीच तेथे सोय ठरते. घरातील एखाद्याचे व्यसन ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही.

या शिल्लकेवर व्याज मिळत नाही. बँकेतर कंपनीने ग्राहकांचे पैसे बँकेतील एस्क्रो खात्यात वेगळे ठेवणे बंधनकारक आहे. पण बँकेतील ठेवीला असणारे ५ लाखांपर्यंतचे विमा संरक्षण अशा कंपनीच्या वॉलेटमधील शिल्लकेला नाही. पेटीएम पेमेंट्स बँकेवर ३१ जानेवारी २०२४ रोजी कारवाई झाली आणि १५ मार्चनंतर तिच्या वॉलेटमध्ये नवे पैसे भरणे बंद झाले. आधीची शिल्लक वापरता येत होती, तरी अनेकांची धांदल उडाली. पिकाचा पैसा खात्यात आणि महिन्याचा खर्च कार्डावर, ही विभागणी म्हणूनच मोडू नये. पीएम-किसानचे हप्ते आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच जमा होतात, तेव्हा कार्ड आले म्हणून खात्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

डोंगराळ भागातील खरी अडचण मोबाइलच्या रेंजची असते. आठवडी बाजारात गर्दी झाली की व्यवहार अडकतो, खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराला मिळाले नाहीत, अशी तक्रार ऐकू येते. यासाठी रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२२ मध्ये लहान रकमेच्या ऑफलाइन व्यवहारांची चौकट आखली. त्यात कार्ड, वॉलेट किंवा मोबाइलद्वारे समोरासमोर, नेटवर्क नसतानाही पैसे देता येतात. मर्यादा सध्या एका व्यवहाराला ५०० आणि एकूण २,००० रुपये आहे. यूपीआय लाइटसाठी ती डिसेंबर २०२४ मध्ये अनुक्रमे १,००० व ५,००० करण्यात आली. वापरलेली रक्कम पुन्हा भरण्यासाठी मात्र नेटवर्क लागतेच. तहसिलीच्या गावी गेल्यावर भरून घ्यावी आणि पाड्यावर वापरावी. आपले कार्ड ऑफलाइन चालते का, हे घेतानाच विचारावे. सगळीच चालत नाहीत.

दुकानदार कार्ड नाकारतो तेव्हा त्याला अडाणी समजू नये. यूपीआय क्यूआर कोडवर थेट बँक खात्यातून पैसे आले तर त्याला शुल्क पडत नाही. तेच पैसे वॉलेट किंवा प्रीपेड साधनातून आले आणि रक्कम २,००० रुपयांहून जास्त असली, तर १ एप्रिल २०२३ पासून अदलाबदल शुल्क लागू आहे; कृषी क्षेत्रासाठी ते ०.७ टक्के आहे. हे शुल्क ग्राहकाकडून घ्यायचे नसते. युरियाच्या पिशवीवर दोन-चार रुपये सुटणाऱ्या विक्रेत्याला मात्र ते जाणवते. निविष्ठांची मोठी खरेदी थेट खात्यातून आणि किराण्याची लहान खरेदी कार्डावर, अशी वाटणी दोघांनाही सोयीची. शिवाय गावातला किराणा दुकानदार श्रावणात उधारी देतो, कार्ड देत नाही. त्याची वही आणि त्याच्याशी असलेला जिव्हाळा तोडून कोणी कार्डाच्या मागे लागावे, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

कार्डाला मुदत असते. शेवटचे पैसे भरल्यापासून किमान एक वर्ष ते वैध असते आणि मुदत संपण्यापूर्वी ४५ दिवसांच्या आत कंपनीने संदेश पाठवून सावध करायचे असते. मुदत संपली तरी शिल्लक बुडत नाही. पुढील किमान तीन वर्षे कंपनीला ती आपल्या नफ्यात जमा करता येत नाही आणि या काळात ती परत मागता येते. पण हे सगळे संदेश येतात नोंदवलेल्या मोबाइल क्रमांकावर. रिचार्ज परवडत नाही म्हणून सिम बंद पडते, नवे घेतले जाते आणि कार्डाशी जुनाच क्रमांक जोडलेला राहतो. विस्तार कार्यकर्त्यांनी मेळाव्यात कार्डाची माहिती देताना प्रथम ही तपासणी करावी. कार्ड कोणाचे, क्रमांक कोणाचा आणि तो चालू आहे का?

चोरी वा फसवणुकीच्या वेळीही तोच क्रमांक उपयोगी पडतो. चिप असलेले कार्ड यंत्राजवळ नुसते टेकवून ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होऊ शकतो. ही सोय नको असेल तर ती बंद करून घ्यावी. आपली किंवा कंपनीची चूक नसताना तिऱ्हाइताकडून गैरव्यवहार झाला आणि संदेश मिळाल्यापासून तीन दिवसांत कळवले, तर बँकेतर कंपनीच्या कार्डधारकावर काहीही भार येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवल्यास व्यवहाराची रक्कम किंवा १०,००० रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढा भार सोसावा लागतो. पिन किंवा ओटीपी स्वतःच दुसऱ्यास सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे सर्व नुकसान आपले. ‘केवायसी संपली, कार्ड बंद होणार’ असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. पैसे गेलेच तर कंपनीस कळवून कार्ड बंद करावे आणि लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. कंपनीकडून ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते; त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. तक्रारीसाठी कंपनीने दिलेला तक्रार क्रमांक आणि व्यवहाराचा संदेश हाताशी लागतो, म्हणून तो खोडून टाकू नये.